तुंगकाकीच्या हातांचा डोंगर

"तुमच्या डोंगरानं माझे हात खाल्ले, गुरुजी!"

"अगं, बरंच झालं की! बाकीच्या बाया हिवाळाभर मेंढीची चरबी चोळतात. तुझे फुकटात मऊ झाले."

"असे मऊ हात घेऊन वर गेले, तर आमचे हे ओळखतील का मला?"

हे भांडण मी नवी नवरी असताना भिंतीपलीकडून ऐकलं. ताइहांग डोंगराखालच्या आमच्या गावात तुंगकाकी चित्रं काढणाऱ्या झुओ गुरुजींना रोज झऱ्याचं पाणी आणून द्यायची. विहिरीच्या पाण्यात म्हणे त्यांची शाई मरायची. बर्फाच्या पाण्यानं काकीचे हात फुटून गेलेले. नवरा होता तोवर चुलीशी बसून तिच्या भेगांत चरबी भरायचा.

फुटलेल्या कातडीला आणि चित्रातल्या खडकांच्या भेगांना आमच्या चिनी लिपीत एकच अक्षर आहे, त्सुन. मला जी चार अक्षरं येतात त्यांतलं ते एक. त्या वर्षी गुरुजींनी काकीचे हात समोर ठेवून कोरड्या कुंचल्यानं डोंगर काढला. भेग कागदावर गेली की हातावरून जायची. शेवटी तळव्यावर रेषसुद्धा उरली नाही, सोललेलं अंडं जसं. आम्ही मेल्या हेवा करत बसलो.

दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी आम्ही आपल्या मेलेल्यांसाठी कागदाचे कोट जाळतो. जाळलेलं त्यांना पोचतं. काकीनं कोट केलाच नाही. गुरुजींच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

"डोंगर द्या."

दुपारी गुरुजी बाहेर आले आणि गुंडाळी तिच्या मांडीवर टाकली. "घेऊन जा बाई. कण्हतो तो. मला झोप येत नाही."

सासऱ्यांचा कोट जाळायला मीही कबरींच्या माळावर होते. काकीनं नवऱ्याच्या कबरीपाशी चित्र पेटवलं. धूर वर गेला नाही, मातीत शिरला. तिचे हात मऊ ते मऊच.

"पोचलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकी गेली. पण सकाळचं पाणी तिनं चुकवलं नाही. मी अंगण झाडत होते. बघते तर तिचे हात पुन्हा फुटलेले आणि चरबीनं चकचकीत. तिच्या घरात तर बोटभर चरबी नव्हती.

"कुणी चोळली गं काकी?"

"कोण चोळणार? नेहमीचेच की."

तिनं बादली उंबऱ्यावर ठेवली, कडीवरची चरबी बाहीनं पुसली आणि आत हाक दिली, "गुरुजी, पाणी! उद्यापासून विहिरीचं चालवून घ्या."