शुक्राच्या मानाने हिवाळा

भाचीचा फोन आला तेव्हा मी एरंडोलच्या आमच्या शाळेत प्रोजेक्टरचा पडदा गुंडाळत होते. त्याच पडद्यावर मुलींना शुक्र दाखवून भाऊजी स्कूटरवरून जळगावला निघाले होते. "मावशी, पप्पांना ऊन लागलंय. घराच्या फाटकाशीच पडले." संध्याकाळी दवाखान्यातच ते गेले. तीन आठवडे झाले... पडदा मी अजून उघडलेला नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. नोकरी पाइपच्या कारखान्यात नकाशे काढण्याची, पण जीव जडला तो शुक्रावर. निवृत्तीनंतर प्रोजेक्टर घेऊन शाळाशाळांतून हिंडायचे. शिसं वितळेल एवढी उष्णता, गंधकाम्लाचे ढग, खोल समुद्रात असावा तसा हवेचा दाब, आणि त्यात उतरलेली रशियन यानं. जेमतेम तास-दोन तास टिकायची, तेवढ्यात फोटो पाठवायची आणि मुकी व्हायची. हे सांगताना भाऊजींचा आवाज खरंच बारीक व्हायचा. आपलंही यान शुक्राकडे जाणार आहे, तेव्हा नवी चित्रं करू, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

भाऊजींची थट्टा मेहुणीने करायची नाही तर कोणी? एका मे महिन्यात ते नशिराबादच्या कार्यक्रमाला डोक्याला रुमाल गुंडाळून निघाले, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "शुक्रावर हिंडणारा माणूस जळगावच्या उन्हाला भ्यायला?" हशा पिकला. भाऊजींनीही हसत रुमाल सोडला, तो पुन्हा कधी बांधला नाही. पारा पंचेचाळिशीवर जाऊन सगळी गल्ली दारं लावून बसली, की हे उघड्या डोक्याने भाजी आणायला निघायचे. कोणी हटकलं तर म्हणायचे, "शुक्राच्या मानाने हा हिवाळा." आम्ही वाहवा करायचो. चारचौघांतलं कौतुक माणसाला किती बांधून टाकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

त्या दिवशी सुट्टीतल्या शिबिरासाठी त्यांना मीच बोलावलं होतं. दुपारची वेळही माझ्याच सोयीची. ते निघण्याआधी अक्काचा फोन आला. "त्यासले सांग ना, डोकं बांधीसन निंघा. तुन्हं आयकतस त्या." माझं ते ऐकतात, या भरवशावर तिने फोन त्यांच्या हातात दिला. आणि मी काय सांगितलं? "काय भाऊजी, रुमाल बांधून येताय म्हणे... आता मुलींना काय सांगू?" ते खळखळून हसले आणि "आलोच" म्हणाले.

व्याख्यानात एका मुलीने विचारलं, एवढ्या उष्णतेत यान तेवढा वेळ तरी कसं टिकलं? भाऊजी म्हणाले, "उतरण्याआधी ते आतून गार करून ठेवतात, पोरी. त्या भट्टीत नुसत्या हिमतीवर कोणी जात नाही." मी मागच्या बाकावर होते. त्यांचा चेहरा लालबुंद झालाय आणि कपाळावर घामाचा थेंब नाही, हे मी पाहिलं. पाहिलं, आणि पन्ह्याचा ग्लास पुढे केला. ऊन उतरेपर्यंत थांबा, एवढं मात्र तोंडून निघालं नाही. या एका गोष्टीसाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही.

परवा अक्काकडे गेले होते. भाचीला स्कूटरचे कागद हवे होते, म्हणून मी डिकी उघडली. आत एक पंचा होता, चौकोनी घडीचा, वाळून कडक झालेला. ते कुठेही निघाले की अक्का पंचा भिजवून, पिळून डिकीत ठेवायची, हे भाची म्हणाली तेव्हा मला कळलं. घडी मोडलेली नव्हती.

तो हातात घेऊन मी आत गेले. "अक्का, माझ्या बोलण्यामुळे त्यांनी..."

"माले माहीत शे," अक्का म्हणाली.

 मी जायला उठले तेव्हा बाहेर ऊन रणरणत होतं. अक्काने तो पंचा नळाखाली धरला, पिळला आणि लहान पोरीला बांधावा तसा माझ्या डोक्याला बांधला. गाठ जरा आवळूनच मारली.

"जाय आते," म्हणाली.

रिक्षा मिळेपर्यंत पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. लोक बघत होते. मी पंचा सोडला नाही.