ओलं फडकं

डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काका, याला फिरवायला कुठे नेता?"

मी म्हटलं, "रस्त्यावर. विमानातून नेतात का कुणी?"

त्या हसल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्यानंतर कुत्रं श्रावणापासून दिवाळी तोंडावर येईपर्यंत खाजवत राहिलं, त्याचं मूळ या एका उत्तरात होतं. पुण्यात जन्म गेला की माणूस प्रश्नाला उत्तर देत नाही, विचारणाऱ्याला देतो.

माझं शिक्षण चौथी. नारायण पेठेत पुस्तकबांधणीच्या दुकानात हयात गेली. पुस्तकं वाचली नाहीत, बांधली. त्यामुळे आत काय असतं ते फारसं ठाऊक नाही, पण शिवण उसवली तर घालता येते. लिहिण्यात काही चुकलं तर कुणी कळवू नये. कळवलं तरी मी वाचणार नाही.

कुत्रा माझा नाही, हे आधीच सांगतो. तो हिचा. मुलानं हिंजवडीच्या अलीकडे फ्लॅट घेतला आणि आम्हाला पेठेतून उचलून अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवलं. तिथे हिला बोलायला कुणी मिळेना. लिफ्टमध्ये सगळे फोनशी बोलणारे. मग एक दिवस पार्किंगमधून गावठी पिल्लू पदरात घेऊन वर आली.

मी म्हटलं, "अगं, आपलंच ताट सुनेच्या हातात आहे. याला कोण घालणार?"

ही म्हणाली, "तुम्हाला इतकी वर्षं घातलं, मग याचं काय जड आहे?"

असा आमच्याकडे माझा मान.

हिनं त्याला नाव ठेवलं होतं. ते मी घेत नाही. ते हिच्याच तोंडी बरं वाटायचं. मी त्याला 'ए' म्हणतो. तोही मनातल्या मनात मला तेवढंच म्हणत असणार.

वैशाखात ही गेली. सकाळी चहा केला आणि दुपारी नव्हती. त्यावर जास्त लिहायचं नाही. भेटायला आलेले म्हणाले, "भाग्यवान हो, सवाष्ण गेली." भाग्य तिचं. मी उरलो तो त्या भाग्याचा पुरावा म्हणून.

कुत्र्याला फिरवणं माझ्या गळ्यात पडलं. फाटक उघडलं की तो मला ओढत सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर न्यायचा. तिथे सिमेंटचा एक ठोकळा पडलाय. ही संध्याकाळी त्यावर दम खायला बसायची. कुत्रा त्याच्या शेजारी गवतात पोट टेकून पडायचा, तोंड रस्त्याकडे. आता ठोकळा रिकामा, तरी हा तसाच पडायचा. मी बाजूला उभा. त्याचं समाधान झालं की उठायचा, मग आम्ही घरी.

श्रावणात खाज सुरू झाली. पोट लाल, मांड्या आतून लाल, पायाची बोटं चावून चावून ओली. कान झाडायचा तर हॉलमध्ये कुणीतरी छत्री झटकतंय असं वाटायचं. डॉक्टरबाईंनी कातडी खरवडून काचेवर घेतली, भिंगातून बघितली.

"खरूज नाही. गोचिडी नाहीत, पिसवा नाहीत. ॲलर्जीची शंका आहे."

"कशाची?"

"तेच शोधायचंय, काका."

म्हणजे शंका त्यांची आणि शोध आमचा. आमच्या वेळी माणसालाही ॲलर्जी नसायची. पोटभर मिळत नव्हतं, त्यात आवडनिवड कातडीला कुठून येणार.

गोळ्या दिल्या, शाम्पू दिला, आणि चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घातलं. ते घालून कुत्रा दारातून जाताना दोन्ही चौकटींना आपटायचा. दोन महिने एकच अन्न द्यायचं, दुसरं तोंडाला लावायचं नाही, म्हणजे खाण्यातलं काही बाधतंय का ते कळेल, असं ठरलं.

पहिल्या मजल्यावर एक निवृत्त बँकवाले राहतात. निवृत्त झाल्यापासून ते सगळ्या विषयांत नोकरीला आहेत. लिफ्टपाशी मला अडवून म्हणाले, "अहो, चिकन बंद करा त्याचं. उष्ण पडतं."

"त्याला चिकन कोण घालतंय? मलाच मिळत नाही."

"मग तेच. प्रोटीन कमी पडतंय."

त्यांच्या सांगण्यावरून कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ झाली. त्यांच्या मिसेसच्या सांगण्यावरून दही-हळद झाली. कुत्रा पिवळा झाला, सोफा पिवळा झाला, खाज लालच्या लाल.

मुलानं नेटवर बघितलं. मुलगा सगळं नेटवर बघतो, घरातलं सोडून. "बाबा, ग्रेन-फ्री ट्राय करू या. पण स्ट्रिक्टली फॉलो करा हं." पिशवी आली. तिच्यावर एक मासा, दोन रताळी आणि हसणारं गोरं कुटुंब होतं. कुत्र्यानं वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. सुनेच्या ओट्सच्या उपम्याकडे मी बघतो, अगदी तसं. मग दोघांनीही गपगुमान खाल्लं.

याच सुमारास त्याचं आणखी एक नाटक चाललं होतं. फिरून आलो की दारातच अडायचा. उजवा पुढचा पाय वर उचलून उभा. ओढलं तरी उंबरा ओलांडेना. मी म्हणायचो, "चल ए. इथे कुणी ओवाळायला उभं नाहीये." आणि पट्ट्याला हिसका देऊन आत घ्यायचो. डॉक्टरबाईंना सांगितलं, पाय दुखत असेल. त्यांनी पाय दाबून, वाकवून बघितला. काही निघालं नाही.

मग संशय गोधडीवर गेला. हिनं आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. ही गेल्यापासून कुत्रा तिच्यावर झोपत होता. त्याआधी ती हिच्या अंगावर असायची. धुळीतले बारीक किडे असतात म्हणे, डोळ्यांना दिसत नाहीत. सून म्हणाली, "बाबा, गरम पाण्यात धुवावी लागेल." हळू आवाजात म्हणाली. मी म्हटलं, "धुवा. किड्यांनी तरी का राहावं फुकट?"

मशीनच्या काचेतून गोधडी गरगर फिरताना दिसत होती. बाहेर आली तेव्हा तिला त्या साबणाच्या जाहिरातीतल्या डोंगरावरच्या फुलांचा वास येत होता. ही कधी डोंगरावर गेली नव्हती. पर्वती चढायची तर अर्ध्यावर बसायची.

कुत्र्यानं गोधडी हुंगली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि जाऊन फरशीवर झोपला. मीही हुंगली होती. पण मला फरशीवर झोपता येत नाही, गुडघे आहेत.

खाज होती तिथेच.

त्यात सुनेला दिवस गेलेले. बँकवाल्यांच्या मिसेस तिला म्हणाल्या, "घरात बाळ येणार आणि हे खरजुलं कुत्रं?" मी म्हटलं, "खरूज नाही, डॉक्टरांनी भिंगातून बघितलंय." त्या म्हणाल्या, "बघितलं असेल हो, पण दिसतं तर तसंच ना."

त्या रविवारी मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. फोन उलटा ठेवला, तेव्हाच मी ओळखलं.

"बाबा, लोणी काळभोरला माझ्या ऑफिसमधल्या एकाचं शेत आहे. ओपन जागा आहे. तो ठेवून घेईल म्हणतोय. दिवाळीपर्यंत बरं नाही झालं तर..."

"तर?"

"तर तिकडे पाठवू. त्याच्याच भल्यासाठी."

"मलाही पाठवा. मीही खोकतो."

"बाबा, प्लीज."

मुलगा वाईट नाही. बाप होणार होता, घाबरला होता. पण मला काय वाटलं ते त्याला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. या घरात हिची वाट बघणारा तेवढा एकच आहे. मी बघत नाही. ती येणार नाही हे मला कळतं, मी स्मशानात सही करून आलोय. पण कुणीतरी बघावी. लोणीच्या शेतात तो कुणाची वाट बघणार, उसाची?

दिवाळीला फार दिवस नव्हते. एका संध्याकाळी आम्ही फिरून आलो. सून घरूनच काम करत होती, दाराजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन, मांडीवर लॅपटॉप. कुत्रा दारात अडला. पाय वर.

मी हिसका देणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, थांबा. तो पाय पुसायची वाट बघतोय."

"काय?"

"आई पुसायच्या ना रोज. ओलं फडकं घेऊन. चारही पाय, मग पोट. 'पाय दे, दुसरा दे,' असं म्हणायच्या. तुम्ही घरातच तर असायचात!"

घरातच असायचो. आतल्या खोलीत, पेपर घेऊन. 'पाय दे' ऐकू यायचं. मी म्हणायचो, चाललं हिचं फरशीचं सोवळं. आणि ते फरशीसाठीच होतं. हिला ॲलर्जी माहीत नव्हती, फरशी माहीत होती.

फडकं चपलांच्या स्टँडमागे खिळ्याला होतं. वाळून पापडासारखं कडक झालेलं. हिनं शेवटचं वाळत घातलं त्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. भिजवलं तर पाणी प्यायलं बराच वेळ. मी उंबऱ्याशी कसाबसा बसलो. कुत्र्यानं उजवा पाय माझ्या हातात ठेवला. मग डावा. मग मागचे. मला एकदाही बोलावं लागलं नाही. शेवटी उताणा झाला, पोट वर करून. मी जरा थबकलो, तर मान उचलून बघायला लागला, नवा माणूस कामाला लावलाय आणि हात चालत नाही त्याचा, असं.

रोज पुसायला लागलो. चारपाच दिवसांत पोटाचा लाल रंग उतरला. नरसाळं निघालं. गेलो डॉक्टरबाईंकडे.

"काय बदललंत, काका?"

"फडकं."

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे बाहेरूनच अंगाला काहीतरी लागतंय. फिरताना तो बसतो कुठे?"

या वेळी विमान काढलं नाही. ठोकळ्याजवळचं गवत उपटून पेपरात गुंडाळून नेलं होतं, ते टेबलावर ठेवलं. पांढरी बारीक फुलं.

"अहो, हे गाजर गवत! मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, फिरवता कुठे म्हणून."

"फिरवता कुठे विचारलंत. बसतो कुठे, ते विचारलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कुत्र्याकडे बघितलं. कुत्र्यानं भिंतीकडे बघितलं.

"ही ॲलर्जी एका दिवसात होत नाही, काका," त्या म्हणाल्या. "रोज थोडं थोडं लागत राहतं. मग एक दिवस अंग म्हणतं, आता नाही."

"माणसाचंही तसंच असतं," मी म्हटलं. "फक्त त्याला नरसाळं घालत नाहीत."

पुसणं चालू ठेवा आणि तिथे नेणं बंद करा, असं त्यांनी सांगितलं. सांगायला काय जातं. मी त्याला दुसऱ्या बाजूनं नेलं, तर वळणावर रस्त्यातच बसला. मागे कंपनीची बस. हॉर्नवर हॉर्न.

ड्रायव्हर ओरडला, "काय आजोबा, कुत्रं आवरता येईना?"

मी म्हटलं, "तुला हॉर्न येतोय का आवरता?"

कुत्रा हलला नाही. बसच बाजूनं गेली. दुसऱ्या दिवशीही तेच.

मग गवतच काढायचं ठरवलं. सोसायटी म्हणाली, जागा भिंतीबाहेरची आहे. महापालिकेत म्हणाले, जागा खासगी आहे. गवत मात्र सगळ्यांचं. खुरपं घेऊन मीच गेलो. बँकवाले गॅलरीतून ओरडले, "अहो, हातमोजे घाला! फुलावर आलेलं उपटू नये!"

मी म्हटलं, "जन्मभर बांधणीच्या खळीत हात घातलेत. गवताला भितो काय!"

आयुष्यात एकदा त्यांचं बरोबर आलं, ते नेमकं तेव्हा. दुसऱ्या दिवशी माझे हात कोपरापर्यंत लाल, पुरळ, आणि खाज अशी, की कुत्र्याची माफी मागावीशी वाटली. माणसांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे रांग मोठी आणि बोलणं कमी. त्यांनी दुरूनच हात बघितले आणि विचारलं, "घरी कुत्रा आहे?"

"आहे."

"मग त्याच्यामुळेच."

 मलम घेतलं. कुत्र्याच्या डॉक्टरबाई निदान भिंग तरी लावतात.

पण काम पुरं केलं, या खेपेला हातमोजे घालून, आणि ते बँकवाल्यांना दिसणार नाहीत अशा वेळी. आता ठोकळ्याजवळ गोधडीएवढी जागा साफ आहे. गोधडीएवढी, कारण तिथे गोधडीच अंथरतो. घरी कुणी तिच्यावर झोपत नाहीच. कुत्र्यानं पहिल्या दिवशी खूप वेळ हुंगली, मग पडला. तोंड रस्त्याकडे. मी ठोकळ्यावर बसतो. आधी उभा राहायचो. गवत परत उगवतं, मी परत काढतो. उठताना गोधडी झटकतो आणि घरी गॅलरीत टाकतो. आता तिला डोंगराचा वास येत नाही, कुत्र्याचा येतो. चालेल.

त्याच्या पोटावर केस आले. सुनेनं स्वतः हात फिरवून बघितलं.

काल संध्याकाळी आम्ही वर आलो, तर ती दारातच स्टुलावर बसलेली. समोर पाण्याचं घमेलं, हातात दोन फडकी. पोट आता चांगलं दिसायला लागलंय, वाकता येत नाही.

"थांबा. दोघंही तिथेच थांबा," ती म्हणाली.

आतून मुलगा ओरडला, "बाबा, तो लोणीवाला विचारतोय, काय सांगू त्याला?"

"त्याला म्हणावं, आता इथे दोघं खाजवतायत. जोडीनं नेणार असशील तर बोल."

 मग फोनवर त्याचं "नाही रे, राहू दे, बरा आहे आता" असं ऐकू आलं.

कुत्र्यानं पाय वर केलाच होता. मीही हात पुढे केला, मलमानं चिकट झालेला. सुनेनं माझा हात पुसला, मग त्याचा पाय.

"दुसरा," ती म्हणाली.

आम्ही दोघांनीही पुढे केला.