बांगड्यांच्या पेटीतला पट्टा

आमची कंपनी म्हणजे कसबा बावड्यातली एक खोली, दोन भागीदार आणि म्हशीच्या गळ्यात बांधायचा एक पट्टा. म्हैस माजावर आली, म्हणजे गाभण राहायची तिची वेळ झाली, की पट्टा मालकाच्या मोबाइलवर कळवायचा. म्हशीचा माज मुका असतो, चटकन कळत नाही आणि हुकला की तीन आठवडे वाट बघावी लागते. पट्टा चांगला चालत होता. तो विकणारं माणूस मात्र मिळत नव्हतं. दिवाळीपर्यंत पन्नास गोठ्यांत पट्टे गेले नाहीत तर खोली सोडायची आणि पुण्याला पुन्हा नोकरी धरायची, असं आम्ही ठरवलं होतं. आमच्या चंदगडच्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरी सोडली तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "तुला कळतंय न्हवं? मग झालं."

पहिला विक्रेता मोटारसायकलच्या शोरूममधून आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. दूध डेअरीवर संध्याकाळी जमणाऱ्या पुरुषांना भेटून तो बावीस नावांची यादी घेऊन आला.

"सगळे म्हणाले, बघूया की."

माझा भागीदार मूळचा कोल्हापूरचा. तो कपाळावर हात मारून हसला. "अरे, बघूया की म्हणजे चहा घ्या आणि घरला जावा!"

दुसरा दोन आठवड्यांत बँकेत लागला. मग मीच बॅग उचलली.

कुरुंदवाडकडच्या एका गावात मी एका घरी गेलो. मालक कारखान्यावर निघाले होते. "कागद ठेवा तिथं, पावणं," म्हणून ते गेले. सोप्यात एक बांगडीवाली चाची मालकिणीचा हात मांडीवर घेऊन बसली होती. पंजा दाबत, गप्पांत गुंतवत ती हिरव्या बांगड्या अलगद चढवत होती.

"म्हस गाभ ठरली का गं?"

"कुठली, चाची! दोनदा भरवली. वेळच कळत न्हाय तिची."

मग चाची माझ्याकडे वळली. "तुमचं काय हाय ओ ते?"

मी पट्टा दाखवला, समजावून सांगितलं. तिने तो बांगडीसारखा बोटांनी चाचपला.

"आनि ह्येचा सांगावा कुणाच्या फोनवर जातोय?"

"मालकांच्या."

दोघी एकदम हसल्या. "मालक कारखान्यावर. म्हशीपाशी ही. आनि सांगावा त्येला? शिकलासा कुठं तुमी?"

मला शरमल्यासारखं झालं. आमच्या घरी पहाटे म्हशीच्या पाठीवर हात ठेवून आईच उभी राहायची. तिने सांगितल्यावर वडील डॉक्टरांना बोलवायचे. हे सगळं बघत मी वाढलो आणि चार महिने आम्ही डेअरीवरच्या पुरुषांनाच गाठत राहिलो.

बाहेर आल्यावर मी चाचीला विचारलं, आमचा पट्टा विकाल का?

"मी? सातवी शिकल्यालं मानूस कंपनीत?" मग पेटी बंद करता करता ती थांबली. "चढवताना बांगडी फुटली तर ती माझी. बाईच्या माथी मारत न्हाय मी. पट्ट्याचंबी तसंच पायजे. बंद पडला तर तुमी सोता यायचं आनि तिच्या दारातनं परत न्यायचा. हाय कबूल?"

"कबूल."

आम्ही पट्ट्यात बदल केला. आता बाईच्या साध्या फोनवर कॉल जाऊ लागला. पहिला पट्टा त्याच घरात बांधला. चाचीच्या पेटीत बांगड्यांशेजारी पट्टे बसले आणि ती पूर्वीसारखीच गावं फिरू लागली.

दसऱ्याच्या सुमारास एका घरची म्हैस तळ्यात बसली आणि पट्ट्यात पाणी शिरलं. चाचीचा फोन आला, "इंजिनेर, या."

गल्लीतल्या बायकांसमोर मालकिणीने मला धारेवर धरलं. "एवढं शिकून पान्याचं कळलं न्हाय व्हय? म्हस पान्यात बसनार न्हाय तर काय खुर्चीत?" मी माफी मागितली आणि पट्टा काढून घेतला. चाची शेजारी बांगड्या लावत बसली होती. माझी बाजू घेऊन ती एक शब्द बोलली नाही. त्या आठवड्यात त्याच गल्लीतून तीन पट्ट्यांची मागणी आली. तोवर आम्ही पाणी न शिरणारी डबी बसवली होती.

दिवाळीच्या तोंडावर मोजले तेव्हा एक्केचाळीस पट्टे गेले होते. पन्नास नव्हते. आम्ही दोघे खोलीत बसलो होतो, तेवढ्यात चाची आली. सोबत दोन बायका होत्या. एक गावोगाव भांडी विकणारी, दुसरी साड्यांचं गाठोडं घेऊन फिरणारी.

"माझी गावं माझ्याकडं. ह्येंची गावं येगळी हायत. घ्या मुलाखत."

पहिल्या विक्रेत्याला मी विचारलेले प्रश्न मला आठवले. त्यातला एकही विचारावासा वाटला नाही. भांडीवालीला मी म्हणालो, "पट्टा बंद पडला तर काय कराल?"

तिने आधी चाचीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमी येनार न्हवं?"

"येणार," मी म्हणालो.

भागीदार उठला आणि पट्ट्यांचा नवा खोका फोडायला लागला. खोली सोडायचा विषय त्या दिवशी कुणीच काढला नाही. संध्याकाळी मी आईला फोन केला आणि पहिल्यांदाच तिला विचारलं, म्हैस माजावर आलेली तुला कशी कळायची? ती बराच वेळ बोलत होती. मी वही काढून लिहून घेतलं.