मीराकाकींचा काष्टा

आगाशीत नऊवारी नेसणाऱ्या बायका आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, आणि त्यांत मीराकाकींसारखा काष्टा कोणाचाच नाही. समाजाच्या मेळाव्यात त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवायचे, फोटो काढायचे, पोरीबाळींना नेसायला शिकवा म्हणून गळ घालायचे. रीत जपावी ती काकींनी, असं जो तो म्हणायचा. कौतुक करायला लोकांचं काय जातं! लग्नानंतर कितीतरी वर्षं पाचवारी नेसणारी बाई एकाएकी लुगड्याकडे का वळली, हे मात्र कोणी विचारलं नाही.

ते धाकट्या प्रितेशच्या बाळंतपणानंतरचं. बारसं झालं आणि सासूने त्यांना लगेच वाडीत कामाला लावलं. एका दुपारी केळीचा लोंगर डोक्यावर घेताना खाली काहीतरी सरकलं. बायका ज्याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात, ते झालं होतं. गर्भाशयच खाली उतरलं होतं. काकींनी कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. कापडाची घडी आत धरली, वरून लुगड्याचा काष्टा करकचून ओढला, तर ते आत राहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दिवसापासून लुगडं सुटलं नाही.

सून आली ती बोळिंजच्या फ्लॅटमधली, मनाली. वडील मुंबईत नोकरीला, पोरगी हसरी, घरभर बडबड करणारी. काकींचा तिच्यावर जीव होता. तिचं बाळंतपण अवघड गेलं. बाळ मोठं, शेवटी चिमटा लावून काढलं. दीड महिन्याने फिजिओथेरपीच्या तपासणीला या, असं हॉस्पिटलने बजावून सांगितलं होतं.

त्याआधीच काकींच्या लक्षात आलं. मनाली शिंकायच्या आधी दाराची चौकट धरायची. अंगावर पाजणारी बाई, पण पाण्याचा तांब्या तसाच भरलेला राहायचा. हसणं तर बंदच झालं होतं. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, त्यांना कळलं: शिंकलं, हसलं की पोरीला लघवी आवरत नव्हती.

तेव्हाच तिला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. पण माणूस आपल्याला ठाऊक असलेल्या वाटेनेच धावतो, आणि मायेपोटी धावला की आणखी जोरात. काकींनी आपलं सगळ्यात मऊ लुगडं फाडून लांब पट्टा काढला. रोज सकाळी मनालीला पाठमोरी उभी करून, तिच्या कमरेला गुडघा लावून, त्या तिचं पोट आवळून बांधू लागल्या.

“कोनाला सांगू नको,” त्या म्हणाल्या. “घट्ट बांधलं का सगळं जागेवर ऱ्हातं.”

तपासणीची तारीख येऊन गेली.

मग एका सकाळी मनाली न्हाणीतून बाहेर आली ती रडतच. काहीतरी हाताला लागत होतं. दोघी बोळिंजला हॉस्पिटलमध्ये गेल्या. तपासणाऱ्या बाईचं नाव ॲनिशा. तिने पट्टा सोडला आणि बराच वेळ पोटावर उठलेले वळ पाहत राहिली.

“हे कोणी बांधलं?”

“मी,” काकी म्हणाल्या.

“पोट एवढं आवळलं की सगळा जोर खाली जातो, मावशी. तिथले स्नायू आधीच सैल पडलेत.” ॲनिशा रागावली नव्हती, आणि तेच काकींना सोसेना. “सगळं पट्ट्यामुळे झालं असं नाही. पण वेळेत आली असती तर सोपं गेलं असतं. आता बरेच महिने व्यायाम, नेमाने तपासणी. चुकवलं तर पुढे ऑपरेशन.”

घरी आल्यावर मनालीने बाळाला झोळीत टाकलं आणि भिंतीला टेकली.

“आई, मी परत नाही जाणार तिथे. मला लाज वाटते. प्रितेशला काय सांगू?” मग हळूच म्हणाली, “मला काष्टा शिकवा ना. तुम्ही उगाच नेसत नाही, कळलंय मला. तुमचं निभावलंच ना?”

इतकी वर्षं त्यांना भीती होती ती कोणाला कळेल याची. आता कळलं, तर पोरगी तेच मागत होती.

त्यांनी दाराला कडी लावली आणि काष्टा सोडला.

“बघ,” त्या म्हणाल्या. “निभावलं म्हनतेस ते हे.”

कापडाने घासून घासून झालेल्या जखमा मनालीने पाहिल्या आणि तोंडावर हात ठेवला.

“तुजे सासरे ओटीवर झोपाया लागले ते तिथंच गेले. मी जवळ येऊ दिलं नाय. त्यांना वाटलं, ते मला नकोसे झाले. मरताना पन तेच वाटत होतं त्यांना.” त्या तशाच उभ्या राहून रडल्या.

मनालीच्या पुढच्या तपासणीच्या दिवशी काकी कपाटातली जुनी पाचवारी नेसल्या. काष्टा पुन्हा डोळ्यांसमोर दिसला तर पोरगी पुन्हा मागेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. आगाशीच्या बाजारातून एसटीकडे जाताना त्या पाय फाकून चालत होत्या, दर चार पावलांवर थांबत होत्या. मनाली एका हाताने बाळ आणि दुसऱ्या हाताने सासूला सांभाळत होती. दुकानांतून माणसं बघायला लागली.

फुलं विकणारी धोंडूबाई, तिच्यासारखी खणखणीत आवाजाची बाई अख्ख्या बाजारात नाही. ती फुलांच्या टोपलीमागून ओरडली, “अगं मीरे! लुगडं सोडलंस?”

“सोडलं.”

“का गं?”

मनालीने सासूचा हात दाबला. काकी थांबल्या. “माजं अंग बाहेर येतं,” त्या म्हणाल्या. “प्रितेश झाला तवापासून. कोनाला बोलले नाय.”

धोंडूबाईच्या हातातला गजरा तसाच राहिला. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग उभ्या जन्मात तिचा कोणी ऐकला नसेल इतक्या बारीक आवाजात ती म्हणाली, “माजं पन.”