एक बाटली, दोन पडदे

हसन गेल्याचं मला त्याच्या मामांनी सांगितलं, मच्छी मार्केटच्या तोंडाशी, हातातली पिशवी खाली न ठेवता. "पद्माकरभाऊ, हसनला काल दफन केलं," एवढंच म्हणाले. काविळीचं निमित्त झालं. आठ दिवस अंगावर काढली आणि पुढच्या दोन दिवसांत सगळं आटोपलं. चौतीस वर्षांचा होता. मला कुणी कळवलं नव्हतं आणि त्यात नवल नव्हतं. अडीच वर्षं आम्ही एकाच रत्नागिरीत राहून एकमेकांशी बोललो नव्हतो. भांडण झालं नव्हतं. जे झालं होतं ते हसनने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही, म्हणून ते मी सांगतो आहे... महिना लागला मला लिहायला बसायला.

आम्ही तंत्रनिकेतनात एका बाकावर शिकलो. त्याचे वडील आखाती बोटीवर, घर खाडीकाठच्या गावात. शिक्षण संपल्यावर मी तिथेच प्रयोगशाळेत लागलो आणि हसन एका ट्रस्टच्या दवाखान्यात. मुंबईच्या चुलतभावाने त्याला एका जाड इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती पाठवल्या होत्या. एका कॉम्प्युटरवर अनेक कामं एकाच वेळी चालली आणि दोघांनी एकाच नोंदीला हात घातला तर काय होतं, असा त्याचा विषय. हसन त्याने झपाटला. आमच्याकडे तेव्हा एकेकट्याने वापरायची दोन यंत्रं होती, तिथे हा प्रश्नच यायचा नाही, म्हणून तो कागदावर शिकला. एका हाताने एका माणसाचं काम लिहायचा, दुसऱ्याने दुसऱ्याचं, आणि कुठल्या ओळीवर दोघांची टक्कर होते ते शोधत बसायचा. मला समजावताना तो विहीर घ्यायचा. "एका बाईने दोर धरलाय, दुसरीने कळशी. दोघी म्हणतात, तुझ्या हातातलं दे, मग माझं सोडते. पाणी कोण भरणार, पद्या?" मी हसायचो. मला ते सगळं रत्नागिरीला न लागणारं ज्ञान वाटायचं.

मग दवाखान्याला एका देणगीदाराने मोठं यंत्र दिलं. यंत्र एक आणि त्याला जोडलेले दोन पडदे, एक अपघात विभागात, दुसरा बायकांच्या वॉर्डात. फ्रिजमध्ये कोणत्या गटाच्या रक्ताच्या किती बाटल्या आहेत ते दोन्हीकडे दिसावं आणि तिथूनच बाटली राखून ठेवता यावी, असा प्रोग्रॅम आम्ही दोघांनी मिळून लिहायचा ठरला. हसनने पहिल्याच दिवशी विचारलं, "दोन्ही पडद्यांनी एकाच क्षणी बघितलं तर? दोघांनाही बाटली दिसेल, दोघंही राखतील." त्याने त्यावर कुलूप बसवलं. एका पडद्याचं काम पुरं होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. पण चाचणीत दोन्ही पडदे गोठले. एकाने बाटलीची नोंद धरली होती, दुसऱ्याने रुग्णाची, आणि दोघंही एकमेकांची वाट बघत होते. "दोर आणि कळशी," हसन म्हणाला. "दोन दिवस दे. दोघांचा धरण्याचा क्रम सारखा करतो, आधी बाटली, मग रुग्ण."

उद्घाटन उद्यावर आलं होतं. पाहुण्यांसमोर पडदे गोठले तर माझी शोभा होणार होती, कारण तंत्रनिकेतनाच्या वतीने शब्द मी दिला होता. हसन जेवायला घरी गेला असताना मी कुलपाच्या ओळी काढून टाकल्या. तो आला, त्याने ते बघितलं. मी म्हटलं, "अरे, आपल्याकडे एकाच क्षणी दोघांना त्याच गटाचं रक्त लागणार आहे का? उद्घाटन होऊ दे, मग बसव." उद्घाटन झालं. पेढे वाटले. त्यानंतर हसनने मला तीन वेळा आठवण करून दिली. यंत्र चालू होतं, तक्रार नव्हती, मी तिन्ही वेळा पुढच्या आठवड्यावर ढकललं. त्याने स्वतःच का बसवलं नाही, असं कुणी विचारेल. प्रोग्रॅम बदलायला माझी सही लागायची. तशी अट मीच घालून घेतली होती.

पुढची गोष्ट एका सकाळची आहे. हातखंब्याजवळ ट्रक उलटला, ड्रायव्हरला आणलं. त्याच सुमाराला डोंगरातल्या एका वाडीवरून सुमतीला आणलं होतं. बाविशीची, तिसरा महिना, रक्त थांबत नव्हतं. नवरा मुंबईत मिलमध्ये, बरोबर फक्त वडील, सखाराम. ड्रायव्हरचा आणि सुमतीचा रक्तगट एकच, क्वचित सापडणारा. फ्रिजमध्ये त्या गटाची एक बाटली होती. दोन्हीकडच्या नर्सनी एकाच वेळी बघितलं, दोन्ही पडद्यांनी बाटली आहे म्हणून सांगितलं, दोन्ही पडद्यांनी ती राखून ठेवल्याचं सांगितलं. बाटली ड्रायव्हरला गेली. तो वाचला. वॉर्डात सखाराम म्हणत होते, "माजं घ्या, माजा नि तिचा गट एकच हाय, मागं तपासलान होता." नर्सने त्यांना पडदा दाखवला. म्हणाली, "बाबा, बाटली आहे, तुम्ही बाहेर बसा." ते बाहेर बाकावर बसले. दीड तासाने डॉक्टरांनी रक्त चढवायला सांगितलं आणि शिपाई फ्रिजकडे गेला तेव्हा कप्पा रिकामा होता. मग सखारामांना धावत आत नेलं, त्यांचं रक्त काढलं... ते सुमतीपर्यंत पोचलं नाही.

चौकशीच्या खोलीत आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "अशा वेळची सोय प्रोग्रॅममध्ये होती की नव्हती?" हसनने माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत राहिलो. तो बराच वेळ थांबला. मला बोलायला जागा देत होता, हे मला तेव्हाही कळलं होतं. मग म्हणाला, "सोय करायची राहिली. यंत्र माझ्याकडे होतं." त्याची नोकरी गेली. माझं लग्न महिन्यावर आलं होतं, ते ठरल्या दिवशी झालं. हसन आला नाही आणि मीही बोलावलं नव्हतं. पुढे त्याने एका सायकलच्या दुकानावर खोली घेऊन मुलांना कॉम्प्युटर शिकवायला सुरुवात केली. मी त्या रस्त्याने जाणं सोडलं.

हसनच्या मामांनीच मला त्या दिवशी मार्केटपाशी आणखी एक गोष्ट सांगितली. दर दोन-तीन महिन्यांनी हसन सुकी मासळी घेऊन सखारामांच्या वाडीवर जायचा. मागच्या रविवारी मी गेलो. एसटी सोडल्यावर तासाभराची चढण आहे. सखाराम खळ्यात पेंढा बांधत होते. मी नाव सांगितलं, हसन गेल्याचं सांगितलं. त्यांचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. मी उभ्या उभ्या सगळं बोललो. कुलूप कुणी काढलं, का काढलं, चौकशीत कोण गप्प बसलं.

त्यांनी पेंढी बांधून बाजूला ठेवली. "त्यानं सांगितलान, चूक माजी हाय," ते म्हणाले. "आता तुमी सांगताव, माजी हाय. दोगांनी घेतलीत म्हणून मी काय करू? माजी पोर तं येकच व्हती."

पडवीत एक लाकडी बाकडं होतं. हसन तिथे बसायचा, ते म्हणाले. घटकाभर बसायचा, चहा घ्यायचा, उठायचा. आतून त्यांच्या बायकोने चहा आणला आणि सवयीने त्याच बाकड्यावर ठेवला. मी कप उचलला आणि उभ्यानेच प्यायलो.