अनंतमास्तरांचा पहारेकरी

लोधीपुऱ्यातले अनंतमास्तर लॉटरीच्या ईमेलना वैतागले आणि त्यांनी कॉम्प्युटरवर पहारेकरी बसवला. अनोळखी पत्त्यावरून पत्र आलं की तो उलट विचारायचा, ‘तुम्ही माणूसच ना? कळवा.’ उत्तर आलं तर पत्र आत, नाहीतर चार दिवसांनी आपोआप कचऱ्यात. कटकट खरंच थांबली. मास्तर गल्लीभर मिरवले.

मग मस्कतला वादळ झालं. तिथं नोकरीला असलेल्या लेकीचा, उषाचा फोन लागेना, पत्रही येईना. तीन दिवस मास्तर फोन लावत राहिले. चौथ्या दिवशी भागाबाई नवऱ्यावर कडाडल्या, “अहो, पोरगी तुमच्या त्या पहारेकऱ्याच्या दारात तर उभी नाही ना? बघा तर खरं!”

मास्तर कॉम्प्युटरपुढे बसले. अडवलेल्या ढिगात, लॉटरीच्या खाली, एक पत्र होतं: ‘बाबा, सुखरूप आहे. परक्या ऑफिसाच्या पत्त्यावरून लिहितेय, लगेच निघतेय. उषा.’ पहारेकऱ्याचा प्रश्न तिथं पोचला, तेव्हा ती निघून गेली होती. पत्र कचऱ्यात जायला दोन तास उरले होते.

“लेकीलाच विचारलंत, माणूस आहेस का म्हणून!” भागाबाई रडत म्हणाल्या.

मास्तरांनी पहारा उठवला. सकाळी ऐंशी जाहिराती आल्या. त्यांनी एकेक उघडून वाचली, मगच काढून टाकली.