खोलीवरची फांदी

अकोल्याहून लग्न होऊन मी वलगावला आले, तेव्हा आमचा मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. सासरी भाजीपाल्याचा मळा आणि घरामागच्या अंगणात एक जुनं कडुनिंब. मृगाआधीची वादळं वाईट, म्हणून वैशाखातच झाडं तयार करून ठेवत. शेवग्याला मेढ्यांचा आधार द्यायचा, पपईच्या बुडाशी माती चढवायची आणि निंब आतून विरळ करायचा. शेंडा मारायचा नाही. वाळलेल्या, घरावर आलेल्या फांद्या तेवढ्या काढायच्या, म्हणजे वारा झाडातून निघून जातो, झाडाशी भांडत बसत नाही. ही सासूबाईंची विद्या. एरवी मिशांना पीळ देणारी पुरुषमंडळी या बाबतीत मुकाट ऐकत.

त्या वर्षी थोरली नणंद बाळंतपणाला आली होती. निंबाखालच्या खोलीत ती आणि तिचं पंधरा दिवसांचं तान्हं. पहिलं लेकरू तिनं त्याच खोलीत गमावलं होतं. म्हणून तिथे तोड, तूट, काप, पाड हे शब्द कोणी उच्चारायचे नाहीत, अशी सासूबाईंची सक्त ताकीद. बांगडी फुटली की ‘वाढली’ म्हणतात, दिवा विझवायचा तर ‘वाढव’ म्हणतात, तसंच सगळं चाललं होतं.

झाडं छाटायला अचलपूरच्या वरच्या डोंगरातला एक कोरकू माणूस आला. आमच्याकडे पहिल्यांदाच येत होता, मराठी शिकून बोलायचा. मळ्यात जाता जाता सासूबाई खोलीच्या दारातूनच मला म्हणाल्या, “त्याले सांग, खोलीवरची मोठी फांदी वाढव म्हना.”

मी शब्दाला शब्द निरोप दिला. तो वर बघून म्हणाला, “वाढवाची? मंग ते राहू देतो.” हे मी नीट ऐकलं. पण नवी नवरी, परक्या माणसाशी किती बोलणार? पदर पुढे ओढून आत आले. चूक त्याची नव्हती, त्याला सांगितलं तेच त्याने केलं.

संध्याकाळपर्यंत सगळा निंब विरळ झाला आणि ती एकच फांदी तशीच भरगच्च राहिली, खोलीवर ओणवी. छाटणारा डोंगराकडे निघून गेला होता, पण माझे यजमान झाडावर सहज चढत. एका शब्दाचं काम होतं. तो मी बोलले नाही. आठच दिवसांपूर्वी लोणच्याची बरणी फोडून आख्ख्या घराचं ऐकलं होतं, पुन्हा ऐकायची हिंमत नव्हती. मी भित्री होते, दुसरं काय?

मग तो आवाज सुरू झाला. भर दुपारी, पान हलत नसताना, छपराच्या कवेलूंवरून काहीतरी खरवडत जाई. आढ्याकडून वळचणीकडे, आणि थांबे. अंगणात जाऊन पाहिलं तर फांदी गप्प. तान्हं मात्र दूध सोडून वर टक लावून बघे. “वैनी, वर कोनी चालून राह्यलं का?” नणंद विचारी. मी म्हणे, “मांजर असंल, ताई.” घरात मांजर नव्हतं. निंबावरचे कावळेही शेजारच्या बाभळीवर जाऊन बसू लागले. चौथ्या दिवशी मला वाटलं, फांदी वीतभर खाली आली आहे. मी डोळे फिरवले.

सहाव्या दिवशी पुरुष अमरावतीच्या बाजारात आणि सासूबाई मळ्यात असताना आभाळ हळदीसारखं पिवळं झालं. वारा अजून आला नव्हता. तरी वर खरवडणं सुरू झालं, आणि या वेळी ते थांबेना. मी खोलीत धावले.

“ताई, ऊठ!”

“काहून?”

“फांदी तुटून राह्यली. तुटते ते! ऊठ!”

बोलायचा नव्हता तो शब्द मी दोनदा बोलले. तान्ह्याला उचललं, तिला दंडाला धरून ओढत स्वयंपाकघरात आणलं. वारा आला तो एकदमच. कवेलू फुटल्याचा आवाज आला आणि जमीन हादरली. वारा ओसरल्यावर पाहिलं, तर बाजेच्या जागी नुसता पाला होता.

सासूबाई मळ्यातून धापा टाकत आल्या. “लेकरू?”

“चुलीपाशी हाये,” मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. “आत्याबाई, माह्यीच चूक. त्या कोरकूले वाढव म्हंजे काय ते उमजलंच नाई. मले ठावं होतं, पन मी बोलली नाई.”

सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, “मी बी त्याच सांजेले पाह्यलं होतं. मले वाटलं, तू कोनाले सांगशील. माह्या तोंडातून तो शब्द निघता अन् लेकराले काही होतं तं?”

नणंद दारात उभी होती. तिने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“दोघीलेबी ठावं होतं,” ती म्हणाली. “अन् मी रोज तिथंच निजत होती.”

सव्वा महिना भरायच्या आधीच ती तान्ह्याला घेऊन तिवशाला सासरी निघून गेली. पुढची दोन्ही बाळंतपणं तिने तिकडेच केली.